टाकीच्या झाकणातली रिंग

रविवार, पौष महिना, तुझा दहावा. गंगाखेड, गोदावरीचा घाट, सकाळची वेळ.

हजर: माय (प्लास्टिकच्या खुर्चीवर, उन्हाकडे पाठ करून), तुझे दादा, मी, पोखर्णीचे चुलते आणि त्यांचा बाळू, मोंढ्यातले दुकानशेजारी, तुझ्या कंपनीचा व्यवस्थापक, आणि तुझ्याबरोबर विमान शिकवणारी मेघना. गुरुजी वेळेवर आले. कावळे उशिरा.

अवि, रविवारची हजेरी आधी लिहिली, कारण तुला तशीच सवय होती. तू पाचवीत असताना मी लग्न होऊन या घरात आले आणि पहिल्याच आठवड्यात दारात उभी राहून तुझी हजेरी घ्यायला लागले. डबा? घेतला. पाणी? घेतलं. पट्टी? मग तू आत पळायचास. पुढे विमान शिकायला गेलास तेव्हा फोनवर हसत सांगितलंस की इथं उडायच्या आधी एकाने यादी वाचायची आणि दुसऱ्याने उत्तर द्यायचं असतं. सगळ्या पोरांना ते नवं वाटतंय, मला वाटतंय वहिनी दारात उभ्या आहेत. ते वाक्य मी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं तर माझ्या डोक्यात चढेल असं वाटायचं. आज लिहून टाकते.

पिंड ठेवला आणि आम्ही सगळे मागे सरलो. कावळे समोरच्या झाडावर बसून होते, खाली एकही येईना. मग नेहमीचं सुरू झालं, ज्याला जे वाटेल ते तुझी राहिलेली इच्छा समजून कबूल करणं. माय म्हणाली, "अवि, माही काळजी करू नकू. मी गोळ्या टायमाला घेईन." कावळा हलला नाही. बाळूने सांगितलं की तुझी मोटारसायकल तो विकणार नाही. ती विकायचा विचार त्याच्या डोक्यात कुठून आला होता, ते मी नंतर त्याला विचारलं. मग व्यवस्थापक पुढे झाला, हात जोडले आणि चौकशीत सगळं खरं समोर येईल असं तुला आश्वासन दिलं. कावळ्यांनी त्याच्याकडे मानही वळवली नाही. तेवढ्यापुरतं कावळ्यांबद्दल माझं मत चांगलं झालं.

शेवटी तुझे दादा उठले. पार पिंडाजवळ गेले, वाकले, आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी बोलले. मला त्यातलं "लेकरा" एवढंच ऐकू आलं. तुला त्यांनी कधी लेकरा म्हटलेलं मला आठवत नाही. अव्या म्हणायचे, रागात असले की पायलटसाहेब. ते मागे फिरले आणि कावळा उतरला.

माय रडायला लागली, चुलत्यांनी नदीकडे बघून हात जोडले, सगळ्यांना हलकं वाटलं. मला नाही. माणसं गडबड करायची थांबली की पाखरू खाली येतं, त्यात मला विशेष काही दिसत नाही. मला प्रश्न एवढाच पडला की तुझ्या दादांनी तुला काय कबूल केलं. परत येताना गाडी मी चालवत होते. ते शेजारी बसले होते आणि सगळा रस्ता उसाच्या ट्रॉल्या बघत होते.

गाडी चालवायला तू शिकवलीस मला. चाळिशी उलटलेल्या बाईला स्टिअरिंग कशाला, असं चुलत्यांचं म्हणणं होतं. तू म्हणालास, दुकान त्या चालवतात मग टेम्पो का नाही. पोखर्णीच्या रस्त्याला तू मला रोज सकाळी घेऊन जायचास. नृसिंहाच्या कमानीपर्यंत जायचं, वळायचं, परत. एकदा चढावर गाडी बंद पडली आणि मी घाबरून मागे बघायला लागले. तेव्हा तू जे सांगितलंस ते मला शब्दाला शब्द आठवतं.

"समोर बघा वहिनी. आमच्यात पण हेच हाय. उडाल्या उडाल्या इंजिन गेलं तर मागं वळायचं नाही. नाक खाली करायचं आणि समोर जे असेल त्यात उतरायचं, ऊस असो का रस्ता. धावपट्टी मागं दिसती, घर मागं असतं, म्हणून माणूस वळतो. तिथंच मरतो."

आता तुझ्या व्यवस्थापकाचं ऐक. तुला घरी आणल्यानंतर तिसऱ्याच दिवशी तो आपल्या पुढच्या खोलीत बसून म्हणाला, "वैमानिकाने परत वळण्याचा प्रयत्न केला असावा, असा प्राथमिक अंदाज आहे." असावा आणि अंदाज, दोन्ही एकाच वाक्यात. ज्याला खात्री नाही तो माणूस दोन जिल्हे ओलांडून तेवढंच सांगायला येत नाही. मी चहा पुढे केला आणि विचारलं, हा अंदाज कुणाचा. तो म्हणाला, जाणकारांचा. नाव विचारलं तर चहा फार छान झालाय म्हणाला.

नातेवाइकांचे अंदाज वेगळेच. बाळूला घातपाताचा संशय आहे. चुलते म्हणतात, ग्रह वाईट होते. एका पेपरने लिहिलं की ऊसतोड कामगारांच्या कोप्या, ती पाचटाची खोपटं, वाचवण्यासाठी तू जीव दिलास, आणि मोंढ्यात लोक मला ते कात्रण आणून देतात. मी आभार मानते आणि गल्ल्यात ठेवते. अवि, मला तेही लगेच मानायचं नाही. लोक गोड गोष्ट पुढे करतात तेव्हा मी कडू गोष्टीइतकीच तपासून घेते. तू हसायचास मला त्याबद्दल. म्हणायचास, वहिनी, तुम्ही देवाच्या प्रसादाचं पण वजन कराल.

मेघनाला मी दहाव्यानंतर मुद्दाम घरी थांबवून घेतलं. स्वयंपाकघरात बसवलं, दार लोटलं आणि पहिल्यापासून सांग म्हटलं. ती त्या सकाळी धावपट्टीवरच होती. आदल्या दिवशी अवकाळी पाऊस झाला होता आणि विमान उघड्यावर उभं होतं. तू एकटाच जाणार होतास, दुरुस्तीनंतरची फेरी मारून बघायला. उडण्यापूर्वी टाकीच्या तळातून थोडं पेट्रोल काचेच्या नळीत काढून उजेडात धरायचं असतं, त्यात पाणी असलं तर खाली बसलेलं दिसतं. ते तू केलंस. तिने डोळ्यांनी पाहिलं. नळी स्वच्छ होती. मग तू बसलास, उडालास, झाडांच्या वर गेलास, इंजिन खोकलं आणि आवाज बंद झाला.

"नाक लगेच खाली आलं," ती म्हणाली. "तो सरळच चालला होता. पुढे उसाचा फड आणि फडाच्या कडेला कोप्या. अगदी शेवटी डावीकडे थोडा झुकला आणि पंख टेकला. मागे वळला नाही, वहिनी. वळला असता तर आम्हाला त्याचा चेहरा दिसला असता."

मुलगी रडत नव्हती. पण तिच्या प्रत्येक वाक्यात तूच बरोबर होतास. तू तिला आवडत होतास का, हे मी तिला विचारलं नाही आणि तुला विचारायची वेळ गेली. तुझ्यासाठी स्थळं बघताना मुलींचे बाप विचारायचे, विमानावर म्हणजे नक्की काय, ड्रायव्हर का. आणि तू मान खाली घालून हसत बसायचास. तेव्हा ही होती का कुठे? मला सांगायला हवं होतंस. असो. जिला माणूस आवडतो तिची साक्ष मी जपून घेते, म्हणून उलट प्रश्न केला. नळी स्वच्छ होती तर इंजिन कशाने गेलं?

ती म्हणाली, पाण्याने असू शकतं. त्या विमानाच्या टाकीत आतून रबराची पिशवी असते. तिला घड्या पडल्या की पाणी घड्यांत अडकून राहतं. जमिनीवर नळीत येत नाही. नाक वर झालं की वाहून इंजिनाकडे जातं.

"आणि टाकीत पाणी जातं कुठून?"

"झाकणातून. झाकणाची रिंग खराब असली तर पाऊस आत जातो. पण ती रिंग त्याने बदलली होती. दिवाळीहून आला तेव्हा घेऊन आला. नवीन येईपर्यंत चालेल म्हणाला." मग ती सहज म्हणाली, "घरून आणली, म्हणाला."

मी गॅस बंद केला. दूध उतू गेलंच होतं.

दिवाळीतलं भांडण आपलं अर्धवट राहिलं, अवि. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी तू दुकानात आलास, खिशातून एक काळी रिंग काढलीस आणि गल्ल्यावर ठेवलीस. चिरलेली, कडक झालेली. म्हणालास, विमानाच्या टाकीच्या झाकणातली आहे, कंपनीला दोनदा सांगितलं, मूळची बाहेरून यायची आहे, येईल तेव्हा येईल. आपल्याकडे या मापाची बघा. मी म्हटलं, हे शेतीपंपाचं दुकान आहे. तू म्हणालास, रबर ते रबर. आणि स्वतःच डबे उघडून एकेक लावून बघायला बसलास, लहानपणी गोट्या निवडायचास तसा. तुझे दादा स्टुलावर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होते आणि हसत होते. आपल्या घराची ही रीतच आहे. मिक्सरपासून मायच्या काठीच्या बुडापर्यंत जे मोडेल त्याला दुकानातलं काहीतरी बसतं, आणि बसलं की सगळ्यांना आनंद होतो.

एक रिंग बसली. सबमर्सिबलची, नेहमीच्या मापातली. तू ती बोटावर फिरवलीस आणि म्हणालास, "बघा, जशी काय याच्यासाठीच केली."

मी ती तुझ्या हातातून घेतली आणि डब्यात टाकली. म्हटलं, हे पाण्यातलं रबर आहे, पेट्रोलात फुगतं. ते पाण्यासाठी आहे एवढं मला धंद्याने शिकवलंय. तू म्हणालास, थोडे दिवस. मी म्हटलं, मग थोडे दिवस उडवू नकोस.

तेव्हा तुझा आवाज बदलला. "मी न्हाई उडवलं तर ते कालचं शिकलेलं पोरगं उडवेल, वहिनी. त्याला न्हाई म्हणता येत न्हाई. मला निदान काय बघायचं ते माहीत हाय."

मी म्हटलं, मग लिहून दे कंपनीला. तू म्हणालास, सांगितलंय. मी म्हटलं, सांगितलं म्हणजे काहीच केलं नाहीस. तू म्हणालास, तुमचं सगळं कागदावर असतं म्हणून तुम्हाला जग कागदासारखं वाटतं. त्यावर माझ्याकडे उत्तर होतं. पण गिऱ्हाईक आलं, मी मोटारीचं बिल करायला गेले, आणि तू दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने गेलास. फराळाचा डबा नेलास. तुझ्या खिशातून घरी आलेली जुनी रिंग स्वयंपाकघरातल्या खिडकीत राहिली. मी ती वेलदोड्याच्या रिकाम्या डबीत ठेवली, तू परत आलास की तुझ्यासमोर धरून तेच भांडण पुढे चालवायचं म्हणून.

ते उत्तर आता कुणाला देऊ?

मेघना गेल्यावर मी दुकानात जाऊन त्या मापाचं पाकीट बघितलं. फोडलेलं होतं. त्यावरून काही सिद्ध होत नाही. ती रिंग हंगामात रोज जाते, आणि रिंगा मोजून ठेवत नाही कुणी, मीही नाही. मग शक्यता मांडल्या. तू न विचारता घेतलीस? पण तू या घरातून स्क्रूसुद्धा न सांगता नेला नाहीस. मी नाही म्हटलेली वस्तू तर तू हातात धरून परत विचारायचास, मी कंटाळून हो म्हणेपर्यंत. दुसऱ्या दुकानातून घेतलीस? मग घरून आणली असं कशाला म्हणशील. राहता राहिलं एक. शेंगा फोडत कुठली रिंग बसली ते बघणारा माणूस. तुला नाही म्हणायचं काम घरात नेहमी माझ्याकडे होतं. तुझ्या दादांना ते कधी जमलं नाही. तुला सायकल शिकवताना सुद्धा ते मागून सीट सोडायला तयार नव्हते.

हे मी मनाशी बोलते तेव्हा माझाच मला राग येतो. पंचवीस वर्षांच्या संसारात ज्या माणसावर मी साध्या उसनवारीचा संशय घेतला नाही, त्याच्याकडे आता मी चोरून, आरशातून बघते. परवा ते देवासमोर उभे होते तर नेहमीपेक्षा जास्त वेळ उभे होते का, हे मी बघत होते. ते रात्री कूस बदलतात तरी मला त्यात काही ऐकू येतं.

आणि घाटावरची अजून एक गोष्ट. सगळे पत्रावळीवर बसले तेव्हा व्यवस्थापकाने तुझ्या दादांना बाजूला घेतलं. मी वाढत वाढत जवळ गेले. तो विचारत होता, अविनाश सरांचं काही सामान, विमानाचा एखादा सुटा भाग वगैरे, घरी आहे का. असल्यास आम्ही घेऊन जातो. म्हणजे काय शोधायचं ते त्याला माहीत आहे. चौकशीवाल्यांनी अजून विचारलंही नव्हतं आणि हा जिलबी खाता खाता विचारत होता. त्याच्या कंपनीने पंपाची रिंग बसवू दिली, त्या रिंगवर विमान ठेवलं, आणि आता त्याला तुझी चूक हवी आहे आणि रिंग नको आहे.

तुझे दादा म्हणाले, "काही न्हाई घरी."

डबी खिडकीत आहे हे त्यांना माहीत आहे. रोज चहाच्या वेळी ती त्यांच्या डोळ्यांसमोर असते.

मग मी माझ्या पद्धतीने खात्री करून घेतली. त्याच पाकिटातली एक रिंग घेतली, मोटारसायकलमधून थोडं पेट्रोल काढलं, आणि मागच्या ओट्यावर वाटीत बुडवून झाकून ठेवली. दुसऱ्या दिवशी झाकण काढलं तर रिंग फुगून वेडीवाकडी झाली होती. बोटात धरली तर कडेचा तुकडा सुटला. विमानाचं पेट्रोल वेगळं असतं, माहीत आहे मला. ही परीक्षा म्हणून कुणी मानणार नाही, हेही. पण मी तुला दिवाळीत जे सांगत होते ते मला एकदा बघायचं होतं. बघून बरं वाटलं नाही. मी बरोबर होते याचा एवढा वैताग मला कधी आला नव्हता.

मी वाटीवर वाकलेली असतानाच तुझे दादा हात धुवायला मागे आले.

"पेट्रोल कायला काढलंस?"

"बघायचं होतं."

त्यांनी वाटीत बघितलं. रिंग चमच्याने वर उचलली, थोडा वेळ धरली, परत हळूच सोडली. त्यांच्या हाताला साबण तसाच होता. मी वाट बघितली. माझ्या बाजूने मी दार उघडं ठेवलं होतं एवढं तरी त्यांना कळलं असेल. ते म्हणाले, "वाढ जेवायला." मी वाढलं. मायने विचारलं, आज भाजीत मीठ न्हाई का. दोघेही म्हणालो, आहे.

चौकशीच्या साहेबांचा फोन काल आला. गुरुवारी घरी येणार आहेत. मी सांगितलं, दाखवायची एक वस्तू आहे. कंपनीला ती देणार नाही. तिकडे गेली तर ती होती हेही उरणार नाही. डबी साहेबांच्या हातात गेली की "मागे वळला" हे वाक्य तुझ्या नावापुढे तसं सहज लिहिता येणार नाही. पण त्यांचा दुसरा प्रश्न काय असेल ते मला आत्ताच ऐकू येतं. ही जुनी इथे, तर मग झाकणात कुठली होती, आणि ती कुणी दिली? तेव्हा तुझ्या दादांनी साहेबांसमोर पहिल्यांदा तोंड उघडावं असं मला नको आहे. त्यांनी ते आधी मला सांगावं. मला त्यांना पकडायचं नाही, अवि. तू मागितलंस म्हणून त्यांनी दिलं असेल, तर तुझ्याइतकाच मला त्यांचाही राग येईल, आणि तो मी तुझ्याशी भांडून संपवायचे तसाच त्यांच्याशी भांडून संपवीन. ते तरी आहेत भांडायला.

कदाचित घाटावर त्यांनी हेच कबूल केलं असेल, की सांगतो. कदाचित उलट, की कुणालाच सांगत नाही. कावळा दोन्हीला उतरला असता.

आज सकाळी ते दुकानात निघाले. मी सवयीने दारात उभी राहिले. किल्ली? घेतली. डबा? घेतला. चष्मा? घेतला. एवढ्यावर आमची हजेरी संपते आणि ते पायरी उतरतात. आज उतरले नाहीत. चपला घालून, किल्ली हातात धरून, माझ्याकडे न बघता तसेच उभे राहिले, पुढचा शब्द यायचा आहे असे. शब्द माझ्या तोंडात होता. आतून मायने पाणी मागितलं. मी म्हटलं, ऊन आहे, टोपी घाला. त्यांनी टोपी घातली आणि गेले.

गुरुवारसाठी यादी केली आहे. पुढची खोली आवरणे, झालं. तुझे परवाने आणि कागद एका पिशवीत, झालं. मेघनाला फोन करून यायला सांगणे, झालं, येते म्हणाली. मायला त्या वेळी चुलत्यांकडे पाठवणे, ठरलं. डबी खिडकीतून काढून कपाटात, झालं. दादांना विचारणे, बाकी.